बरे न झालेल्यांचे कागद

नाना प्रार्थना करताना डोळे मिटत नसत. आम्ही बाकीचे मिटायचो. मी तर जरा जास्तच घट्ट मिटायचे, म्हणजे बघणाऱ्याला माझी भक्ती लांबून दिसावी. नाना मात्र समोरच्या भिंतीकडे टक्क बघत, शेजाऱ्याशी बोलावं तसं देवाशी बोलायचे. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, "डोया मिटीसन मांगणारा भिकारी देखा का तू कधी? देनाराना तोंडकडे देखनं पडस."

हे सगळं टांझानियात, मोठ्या सरोवराच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका मिशन दवाखान्यात. आता मिशनरी म्हटलं की लोकांना गोरा माणूस आठवतो. आमच्या चर्चच्या मंडळीनं पाठवलेले आम्ही तिघं सावळे खानदेशी होतो. नाना चोपड्याकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे, ते कंपाउंडर. शांताक्का मुलींच्या शाळेत शिकवायची. आणि मी नर्स. आम्हाला बघून तिथल्या लोकांचा पहिला प्रश्न असायचा, दुकान कुठं टाकणार? त्यांनी आजवर पाहिलेला प्रत्येक हिंदी माणूस गल्ल्यावर बसलेला होता. नाना हसून सोडून द्यायचे. मला मात्र तो माझ्या पाचारणाचा, देवानं मला घातलेल्या हाकेचा अपमान वाटायचा.

माझं पाचारण म्हणजे काय होतं, तेही सांगून टाकते. चोवीस वर्षांची होते. निघण्याआधी जळगावच्या एका स्टुडिओत फोटो काढून घेतला होता: पांढरी साडी, पृथ्वीच्या गोलावर हात, नजर वर. फोटोवाला म्हणाला, "ताई, जरा हसा." मी हसले नाही. त्यागाला निघालेली बाई हसते का कधी? सोबत खळ घातलेल्या बारा साड्या, पेटी (वाजवायची), आणि हौतात्म्य आलंच तर असावी म्हणून एक चांगली चादर. मला वाटत होतं, तो अख्खा खंड गुडघ्यावर बसून माझी वाट पाहतोय. उतरले तेव्हा लॉरीच्या धुळीत उभे होते फक्त नाना. सायकल हातात, भर उन्हात डोक्याला लोकरी कानटोपी. माझ्या ट्रंका बघून एवढंच म्हणाले, "लगीनले उनी का तू?"

ती सायकल त्यांनी कधी चालवली नाही. तिच्यावर औषधांची खोकी असायची, पेशंट असायचे, एकदा तर बाळंतीण होती. पण नाना स्वतः शेजारून चालायचे. कानटोपी का, याचं उत्तर त्यांनी दर वेळी वेगळं दिलं. केळीच्या बाबतीत मात्र ते कधी बदलले नाहीत. पोरपणी फैजपूरकडच्या बागांमध्ये मजुरी केलेला माणूस तो, आणि नशिबानं पडला अशा मुलुखात, जिथं दोन्ही वेळा हिरवी केळी उकडूनच जेवतात. वर्षानुवर्षं त्यांनी ती खाल्ली आणि दर घासाला घडाची निंदा केली. या घडाला फण्या किती कमी, हे खोड किती बारीक, बाग म्हणजे रांगेत हवी. दवाखान्यामागे त्यांनी दोरी धरून सरळ रांगेत केळी लावली होती. आजूबाजूचे लोक मुद्दाम ती बघायला यायचे, हसायचे, आणि जाताना एखादा कंद मागून न्यायचे.

भाषेचंही तसंच. मी सहा महिने स्वाहिलीचा वर्ग करून सर्टिफिकेट घेतलं होतं. माझी स्वाहिली ऐकून लोक आदरानं गप्प बसायचे. नाना चार शब्द बोलायचे आणि शेवटी आपलं अहिराणी लावायचे. "मझुरी शे?" म्हणजे बरं आहे ना? आणि म्हातारे, पोरं, बाळंतिणी सगळे उलट म्हणायचे, "मझुरी शे!" त्या डोंगरात आजही कुणीतरी असं म्हणत असेल, आणि हे कुठून आलं ते कुणाला सांगता येत नसेल.

पण नानांचा खरा विक्षिप्तपणा होता तो केसपेपरांचा.

बाकीचे लोक प्रार्थनेला पवित्र शास्त्र घेऊन बसतात. नाना पेशंटांचे केसपेपर घेऊन बसायचे. पहाटे, दवाखाना उघडण्याआधी, बँडेजच्या पट्टीनं बांधलेला गठ्ठा सोडायचे आणि एकेक कागद देवाला वाचून दाखवायचे. नाव, बापाचं नाव, गाव, गावाजवळची खूण, दुखणं, कालचा ताप. मी हसले तर म्हणाले, "पत्ता अर्धा दिधा तं पत्र वापस येस." तोवर आमची लापशी गार व्हायची. मी मुद्दाम खोकायचे, शांताक्का माझ्या पायावर पाय द्यायची.

गठ्ठ्यातून कागद निघायचा तो दोनच कारणांनी. माणूस मेला, तर नाना स्वतः त्याच्या नावावर लाल पेन्सिलीनं रेघ मारायचे. बरा झाला, तर कागद कपाटात जायचा. पण बरा झाला म्हणजे काय? त्यानं स्वतःच्या पायांनी येऊन नानांसमोर उभं राहिलं पाहिजे. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलंसुद्धा नाही.

दवाखान्यातली ड्रेसिंगची पद्धतही त्यांनी याच कागदांवर बसवली होती. ज्याच्या खिशात पेशंटचा कागद, ड्रेसिंग त्यानंच करायचं. कागद नाही तर जखमेला हात लावायचा नाही. आधी म्हणे दोघं-तिघं एकाच जखमेला तीन तऱ्हेची मलमं फासायचे. ते थांबवायला हा नियम. चांगला होता. मी येईपर्यंत त्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं.

नीमा आठ वर्षांची होती. आई नव्हती, आजीकडे राहायची. डाव्या नडगीच्या हाडात पू झालेला. रोज टेकडीपलीकडून काठी टेकत यायची, बाकावर बसायची, आणि नाना पट्टी सोडायला लागले की ते विचारायच्या आधीच दात आवळून म्हणायची, "मझुरी शे." जवळजवळ वर्षभर नानांनी तो पाय रोज धुतला. हाड हळूहळू भरत होतं.

मग नानांची सहा महिन्यांची रजा आली. जाताना त्यांनी बऱ्या न झालेल्यांचे मूळ कागद सोबत घेतले, कारण कागदांशिवाय धुळ्यात बसून प्रार्थना कशी करणार? आमच्यासाठी नकला करून ठेवल्या. नीमाच्या कागदाची नक्कल माझ्या हातात देऊन म्हणाले, "हाई पोर तुनी. एक दिवस चुकाडू नको." ही पोर तुझी.

दोन महिने मी चुकवलं नाही. मग शहरात मिशनच्या वरिष्ठांसमोर गाण्याचा कार्यक्रम ठरला. गायला शांताक्का आणि मी, पेटीवरही मी. तीन दिवसांचा प्रश्न होता. तीन दिवसांनी काय होतं, असं म्हणून मी लॉरीत बसले. गाणी छान झाली. टाळ्या पडल्या, एका बाईनं माझे हात हातात घेतले. परतताना लॉरीचा अ‍ॅक्सल मोडला आणि तीन दिवसांचे आठ झाले. पाचव्या दिवशी, रस्त्याकडेच्या एका चर्चच्या ओसरीत बसले असताना मी एप्रनच्या खिशात रुमाल शोधायला हात घातला. हाताला नीमाचा कागद लागला.

ती रोज आली होती. बाकावर बसली होती. दवाखान्यातल्या दोघी मदतनीस मुलींनी रोज तिचा कागद शोधला, सापडला नाही, आणि नियमाप्रमाणे तिला परत पाठवलं. सहाव्या दिवशी ती आली नाही. मी पोचले आणि तशीच टेकडी ओलांडून गेले. पू रक्तात उतरला होता. त्यानंतर चौथ्या दिवशी ती गेली. मी विचारलं नव्हतं, तरी आदल्या दिवशी तिनं मला सांगितलं होतं, "मझुरी शे."

नानांना मी पत्र लिहिलं. पहिलं खरं लिहिलं होतं, ते फाडलं. दुसऱ्यात लिहिलं: नीमाचा पाय बरा झाला, तिची आत्या येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली. ते येईपर्यंत काहीतरी सुचेल असं वाटलं होतं. पण नानांचं परमिट पुढं वाढलंच नाही. ते परत आलेच नाहीत. आणि माझं पत्र धुळ्याच्या मंडळीत उपकारस्तुतीच्या रविवारी मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं, असं कळलं. नाना उभे राहून रडले, असंही कळलं.

पोर बरी झाली असं मी हुशारीनं लिहिलं, म्हणजे विषय संपावा. कशी विसरले होते मी? पोर बरी झाली, पण ती नानांसमोर येऊन उभी कुठं राहिली होती? तिचा कागद गठ्ठ्यातच राहिला.

मी चार वर्षांनी परतले. लग्न केलं, जळगावात नोकरी केली, पोरं वाढवली, आता नातवंडं मला ऐकून न ऐकल्यासारखं करतात. नाना धुळ्यातच, देवपुरात पुतणीकडे राहायला आले. वर्षा-दोन वर्षांनी आमची भेट व्हायची, कुणाच्या लग्नात, कुणाच्या मातीला. पहिला प्रश्न ठरलेला. "नीमानं काही पत्र?" आणि मी, खोटं बोलायला सुरुवात केल्यावर ते नीटनेटकं करण्याची सवय असलेली बाई, दर वेळी थोडं पुढं नेत गेले. नीमा शाळेत जाते. नीमा शिवण शिकली. एका वर्षी तर मी तिचं लग्नच लावून दिलं. नवऱ्याचं नावही ठेवलं. पुढं तिला मुलगा झाला तेव्हा नानांनी रविवारी मंडळीत घडभर केळी वाटली. मीही एक खाल्लं.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या पुतणीचा फोन आला. "मावशी, काकांनी जेवण सोडल्यासारखंच केलंय. तुम्हाला बोलावतायत. कसले कागद द्यायचे आहेत म्हणे." नाना नव्वदीच्या पुढं गेलेले. मला कळलं, आता सांगायचं राहिलं तर कायमचं राहील.

शांताक्का जळगावातच, मेहरूणला राहते. तिला घेऊन धुळ्याची एसटी धरली. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. एरंडोल मागं पडल्यावर मी तिला म्हणाले, "अक्का, मी आज नानांना सांगणार आहे."

"काय सांगणार?"

"नीमाचं."

तिनं खिडकी लावून घेतली. "कशाला? त्यांना बरं वाटावं म्हणून?"

"खरं कळायला नको त्यांना?"

"पंचेचाळीस वर्षं नव्हतं कळायला हवं. आज काय झालं? तू हलकी होणार, म्हणून सांगणार ना?"

"तू पण तेव्हा गप्पच बसलीस."

"बसले. अजून बसलेय. गप्प बसायला कष्ट पडतात, सिस्टरबाई, तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते." मग खिडकी पुन्हा उघडत, "आणि तो पेटीवाला कार्यक्रम. काय बेसूर गायलो होतो गं आपण."

आम्ही दोघी हसलो.

देवपुरातलं घर पुतणीचं, स्वच्छ, लहान. नाना खिडकीजवळच्या खाटेवर उशांना टेकून बसले होते. केवढा होता तो माणूस, आणि केवढासा उरला होता. कानटोपी होती. मी वाकून तिथल्या रिवाजानं म्हणाले, "शिकामो." लहानानं मोठ्याला करायचा तो नमस्कार. नानांनी मोठ्या माणसाचं उत्तर दिलं, "मराहाबा," आणि लगेच, "उनी का तू? बठ्ठं सोडीसन उनी?" सगळं सोडून आलीस का.

पुतणीनं चहा दिला. तासभर आम्ही तिघं तिथंच होतो, त्या डोंगरात. सायकलवरची बाळंतीण आठवली. शांताक्काच्या शाळेत शिरलेली माकडं आठवली. माझ्या बारा साड्यांपैकी अकरांच्या पट्ट्या करून नानांनी जखमांना बांधल्या, ते आठवलं. बारावी मी उशीखाली लपवली होती, हे मी पहिल्यांदाच कबूल केलं. नाना म्हणाले, "माले मालूम व्हतं." तिथलं एक गाणं शांताक्कानं सुरू केलं, दोन ओळींवर तिघंही अडकलो. शब्द कुणालाच आठवेनात. तेवढ्यात नानांना धाप लागली. पुतणी म्हणाली, आता पुरे.

पण नानांनी उशीखालून गठ्ठा काढला. सात कागद उरले होते. पिवळे, कडांना तुकडे पडलेले. ते माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, "आते मनाघाई व्हत नही. बठ्ठा तू ले. रोज वाच." त्यांच्यानं आता होत नव्हतं, सगळे मी घ्यायचे. मग सगळ्यात वरचा कागद उचलून त्यावरून हात फिरवला. "नीमाना आधी वाचजो. वय पन्नासना वर गयं आते. थंडीमा पाय दुखत व्हई. नातू बी व्हई तिले."

शांताक्का माझ्याकडे बघत होती. तिनं मान हलवली, अगदी थोडी. नको.

मी म्हणाले, "नाना, नीमा तेव्हाच गेली. तुम्ही रजेवर होता तेव्हा."

"कथी गयी?" कुठं गेली, विचारलं त्यांनी.

"वारली, नाना. माझ्यामुळं. तिचा कागद माझ्या खिशात राहिला. मी शहरात गेले होते. रोज आली ती, आणि कागद नाही म्हणून कुणी पट्टी बदलली नाही. पत्र मी खोटं लिहिलं. लग्न, मुलगा, सगळं खोटं."

हे सगळं एका दमात बोलले. बोलताना मी पुन्हा एकदा डोळे मिटले होते, हे मला ते उघडल्यावर कळलं.

नाना रागावले नाहीत. ते रागावतील, त्याची तयारी मी बसमध्ये करून ठेवली होती. त्यावर काय बोलायचं, कधी रडायचं, सगळं ठरलेलं होतं. त्यांनी विचारलं, "कव्हय?"

मला तारीख आठवेना. महिनाही नक्की सांगता येईना.

"तिनाजोडे कोन व्हतं?"

"मी होते. आजी होती."

त्यांनी कागद डोळ्यांशी नेला. मग मला नव्हे, खिडकीलाही नव्हे, असंच कुठंतरी बघत म्हणाले, "मंग इतला वरीस मी कोनासाठे मांगत व्हतू?"

शांताक्का उठली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्यांनी लाल पेन्सिल मागितली. पुतणी शाळेत शिकवते, तिनं पिशवीतून वह्या तपासायची पेन्सिल आणून दिली. रेघ नावावरून सुटून बापाच्या नावावर गेली. मग त्यांनी माझ्या मांडीवरचे बाकीचे सहा कागद घेतले, गठ्ठ्यात परत घातले, आणि गठ्ठा उशीखाली सरकवला. मला म्हणाले, "जाय आते. गाडी चुकी जाई."

परतीच्या बसमध्ये शांताक्का माझ्या पुढच्या सीटवर जाऊन बसली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी उतरून गरम भजी घेतली. तिला विचारलं, तिनं तोंड फिरवलं. मी सगळी खाल्ली. मला भूक लागली होती. कित्येक वर्षांत अशी लागली नव्हती. त्या रात्री झोपही गाढ लागली, आणि सकाळी नातीनं विचारलं, आजी, आज गुणगुणतेस काय?

तीन आठवड्यांनी पुतणीचा फोन आला. नाना गेले. त्रास झाला नाही, म्हणाली.

"मावशी, एक विचारू? तुम्ही येऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काकांनी प्रार्थना केली नाही. मला कळायला लागल्यापासून ते एक दिवस चुकले नव्हते. पहाटे उठून बसायचे, गठ्ठा मांडीवर घ्यायचे, पण पट्टी सोडायचेच नाहीत. मी म्हटलं, काका, मी वाचून दाखवू का? तर म्हणाले, राहू दे, कोण आहे कोण नाही काय माहीत. मी तेव्हा स्वयंपाकघरात ये-जा करत होते, नीट ऐकलं नाही. त्या दिवशी काय बोलणं झालं होतं तुमचं?"

शेजारी नात अभ्यास करत होती. फोन स्पीकरवर होता, तो मी बंद करून कानाला लावला.

"काही नाही गं," मी म्हणाले. "जुन्या आठवणी निघाल्या. तिकडच्या. त्यांना फार आनंद झाला होता."

"हो ना?" ती म्हणाली. तिला बरं वाटल्यासारखं वाटलं.

"हो गं बाई," मी म्हणाले. "खूप हसलो आम्ही."